स्पिटफायरच्या मागून ‘ठक्’ येतं, मेकॅनिक म्हणतो डिफच बदला. घरी उघडावं का?

तुमची गाडी १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, राहायला नाशिकात. क्लच सोडला की मागून ठक्, साठच्या पुढे घूं असा आवाज, आणि मेकॅनिकचं एकच म्हणणं, की डिफ (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा) बदला. मागचं सस्पेन्शन आणि डिफ घरी उघडायचं का, असं तुम्ही विचारलंय.

उघडा, पण डिफ सगळ्यात शेवटी.

माझ्याकडेही हीच गाडी आहे आणि मी नेमका उलट्या क्रमाने गेलो होतो. अंबडला टूलरूममध्ये नोकरी झालेली, त्यामुळे गिअर म्हटलं की हात शिवशिवतात. पहिल्याच रविवारी डिफ काढून टेबलावर घेतलं, तर क्राउन-पिनियनचे (आतला मोठा आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) दात आरशासारखे चकचकीत! ठक् येत होतं हाफशाफ्टच्या (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) क्रॉसमधून, म्हणजे त्याच्या वळत्या सांध्यातून. डावीकडच्या क्रॉसच्या एका कपात ग्रीस नव्हतंच, नुसती लाल पूड होती. दोन महिने गाडी स्टँडवर अडकली ती माझ्याच उतावळेपणामुळे.

म्हणून आधी खेळ, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, मोजा. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागचं एकच चाक उचला आणि त्या बाजूला चेसिसखाली स्टँड द्या. टायरच्या कडेला खडूची रेघ मारून चाक हाताने मागे-पुढे फिरवा. चाक अडेपर्यंत रेघ किती सरकते ते लिहून ठेवा. मग दुसऱ्याला चाक हलवायला सांगून तुम्ही टॉर्च घेऊन खाली जा आणि सांध्यांवर बोट ठेवत पुढे सरका: हाफशाफ्टचा क्रॉस, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा) दोन्ही क्रॉस, शाफ्ट जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट, डिफ चेसिसला धरणारे रबर. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा हलत नाही, तिथे खेळ आहे. बहुतेक वेळा एकच मोठा खेळ सापडत नाही, पाच ठिकाणचा थोडा-थोडा मिळून एक ठक् होतो.

घूं वेगळं प्रकरण. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येऊन सोडल्यावर थांबत असेल (किंवा उलट), तर क्राउन-पिनियनच्या जुळणीवर संशय घ्या. पाय कुठेही असला तरी सारखाच घरघरत असेल, तर बेअरिंग. लांब वळणावर एकीकडे वाढून दुसरीकडे कमी होत असेल, तर हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंग.

आता पाट्याबद्दल, म्हणजे पानांच्या स्प्रिंगबद्दल, कारण या गाडीत जीवावर बेतणारी चूक इथेच होते. स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या आखूड केलेल्या चेसिसवर बांधलेली. मागे एकच आडवा पाटा, तो डिफच्या पाठीवर सहा स्टडनी बसवलेला, आणि हाफशाफ्ट डिफजवळच्या क्रॉसपाशी झुलणारे. हाफशाफ्टला बाहेरच्या टोकाला सांधाच नाही, त्यामुळे चाक वर-खाली झालं की ते तिरकंही होतं. गाडी मागून जितकी उंच, तितकी चाकं खालून आत ओढलेली. अशा अवस्थेत जोरात वळताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर बाहेरचं चाक गाडीच्या पोटाखाली जायला बघतं आणि मागचा भाग सुटतो.

माझा पाटा खचला होता. हायवेवर ट्रकच्या कमानी करणाऱ्या एका कारागिराकडे तो दिला. ‘साहेब, अशी कमान देतो की पंधरा वर्षं बघायला नको,’ म्हणाला, आणि दिलीही. गाडी परत जमिनीवर आली तेव्हा शेपूट वर करून उभी होती. गंगापूर रोडवर एका वळणावर समोर कुत्रं आलं, पाय उचलला, आणि गाडी मागून अशी काही उचलली गेली की पुढचे दोन किलोमीटर मी सायकलच्या वेगाने चालवले. चूक कारागिराची नव्हती. ट्रकला तशीच कमान लागते, मोजमाप मी द्यायला हवं होतं. गाडीत दोन माणसं बसवून मागची चाकं सरळ, किंवा वरून किंचित आत झुकलेली दिसली पाहिजेत. कंपनीलाही हे कळत होतंच. १९७० च्या मार्क फोरपासून त्यांनी पाट्याचं एकच पान घट्ट बांधून बाकीची मधोमध डुलती ठेवली.

पाटा सोडताना दोन गोष्टी सांभाळा. चाक खाली लोंबायचं थांबतं ते शॉकअपमुळे, म्हणून शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी हबखाली जॅक द्याच. पाट्याचे नट खालून हाती लागत नाहीत. सीटमागे एक झाकण आहे, ते काढा.

हबवर धीर लागतो. तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर (टेपर) खाचेतल्या लोखंडी चावीने बसलेला असतो आणि पन्नास-साठ वर्षांत हललेला नसतो. बाजारातला तीन पायांचा पुलर लावू नका, फ्लँज वाकते. मी २० मिमी जाड प्लेट कापून घेतली, तिला चाकाच्या चार स्टडसाठी चार भोकं आणि मधोमध आटे पाडून एक जाड बोल्ट. शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या, नाहीतर हब उडून येईल. बोल्ट आवळा, त्याच्या डोक्यावर हातोड्याचा एक ठोका, पुन्हा थोडा आवळा, आणि घरात जा. माझा रात्री अकरा वाजता सुटला, सुतळी बॉम्बसारखा. शेजारचे गॅलरीत आले. आत शाफ्टवर नीडल बेअरिंग चालतं, तिथे नख फिरवून बघा. चर लागला तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही, शाफ्टही गेला.

एवढं सगळं करूनही खेळ उरला, तरच डिफ. बाजूचे छोटे शाफ्ट चार-चार ॲलन बोल्टवर बाहेर येतात, त्यांचे ऑइल सील आणि बेअरिंग कसंही करून नवीन टाका. आत छोट्या गिअरांमागचे थ्रस्ट वॉशर बघा. माझ्याकडे एक इतका झिजला होता की धार लागली होती. जाड वॉशर टाकून हा खेळ जातो आणि क्राउनला हात लावावा लागत नाही. ज्या डिफमधून घूं येत नाही, त्याची क्राउन-पिनियनची जोडी हलवू नये, या मतावर मी ठाम आहे.

हलवावीच लागली, तर बेअरिंग कॅपवर आधी खुणा करा, अदलाबदल चालत नाही. कोणती शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) कोणत्या बाजूची, हे वेगवेगळ्या पिशव्यांत लिहून ठेवा. डायल गेजने बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधला खेळ) ०.१० ते ०.१५ मिमीत आणा. मग दातांना मार्किंग ब्लू लावून फिरवा. डाग दाताच्या मधोमध हवा. टोकाला किंवा बुडाशी गेला तर पुन्हा शिम. माझं हे सात वेळा झालं. शिम घासून देणारे सातपूर-अंबडला मिळतात, त्यांना मायक्रोमीटरने मोजलेला आकडाच द्या.

सुटे भाग इंग्लंडहून मागवता येतात. पण आधी जुन्या स्टँडर्ड हेराल्डवाल्यांना विचारा. ही त्याच हेराल्डची भारतीय आवृत्ती, मद्रासला बनायची आणि क्रॉस, बुश अशा बऱ्याच वस्तू जुळतात. स्टँडर्डच्याच नंतरच्या गॅझेलचा मागचा ॲक्सल मात्र अखंड आहे, तो उपयोगाचा नाही. हेराल्डचं अख्खं डिफ कुणी स्वस्तात देत असेल, तर दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. क्राउन ३७ आणि पिनियन ९, म्हणजे ४.११, हे तुमचं. ९४८ सीसीच्या हेराल्डचं ३९ ला ८, म्हणजे ४.८७५ असायचं. ते बसेल छान, पण मुंबईला निघालात की घोटीपर्यंत इंजिन किंचाळून कान किटतील.

डिफला तेल नव्वद नंबरचं हायपॉइड, जेमतेम अर्धा लिटरच्या वर लागतं. तेल भरायच्या प्लगच्या भोकातून ओघळायला लागलं की बस. फ्लँजचे नायलॉक नट जुने वापरू नका. हे सगळे इंची आटे आहेत, मेट्रिक नट दोन फेरे जातो आणि आटे खाऊन टाकतो.

रेडियस आर्म (चाक मागे-पुढे सरकू न देणारी दांडी) आणि शॉकअपचे रबर बुश गाडी हवेत असताना आवळू नका, पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. चाकं जमिनीवर, आत माणसं बसलेली, मगच शेवटचा पाना. आमच्याकडे बायको आणि वरच्या मजल्यावरचे काका बसले होते. मी अर्धा तास गाडीखाली होतो आणि काकांनी तेवढ्यात आत बसूनच दोन चहा घेतले.