नवीन घराला बाहेरून पुट्टी मारावी का, आणि रंग किती लागेल?

तुम्ही लिहिलंय की प्लास्टर होऊन पंधरा दिवस झालेत, अक्षय तृतीयेला वास्तू आहे आणि त्याआधी बाहेरचा रंग उरकायचाय. रंग कोणता ते नंतर बघू. पंधरा दिवसांच्या भिंतीला मी ब्रश लावत नाही.

उन्हाळ्यात प्लास्टरवर 10 दिवस पाणी मारायचं आणि 28 दिवस झाल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडायचा नाही. सिमेंट ताजं असताना त्यातला क्षार रंग खातो, गडद रंगावर पांढुरके चट्टे उठतात.

दर्यापूरकडं खारपाणपट्ट्यात एका घराचं काम केलं होतं. मालकाला तुमच्यासारखीच घाई, आणि मिस्त्री म्हणे, ‘वरून सुकलं ना, मारा.’ प्लास्टरही बोअरच्या खाऱ्या पाण्यात, तराई म्हणजे वरून पाणी मारणंही त्याच पाण्यानं. बाराव्या दिवशी बाहेरून पुट्टीचे दोन हात आणि वर रंग. पहिल्या पावसानंतर पश्चिमेच्या भिंतीला फुगे आले. बोटानं दाबलं की फुटायचे. एक खपली उलटी करून पाहिली: वर रंग जसाच्या तसा, मागे पुट्टी, आणि पुट्टीला पिठासारखा खार चिकटलेला. मिस्त्री अजूनही सांगत फिरतो की रंगाचा डबा डुप्लिकेट होता. डबा डुप्लिकेट असता तर रंग पुट्टीवरून सुटला असता. इथं पुट्टीच भिंतीवरून सुटली.

म्हणून बाहेरून सरसकट पुट्टी नकोच. जिथं खड्डा, तिथं पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भरा. आतल्या भिंतीची डब्यातली तयार पुट्टी बाहेर कधीच नाही. काळ्या मातीवरचं घर हलतं, त्यामुळं कॉलम आणि विटांच्या सांध्यात चिरा पडतात. ती चीर पत्र्याच्या टोकानं मोकळी करून क्रॅक फिलर भरा, नुसता रंग फासून ती झाकत नाही. खार दिसला तर कोरड्या काथ्याच्या ब्रशनं झाडा, दोन-चार दिवसांनी परत झाडा. धुऊ नका. धुतलं की तो विरघळून परत भिंतीत मुरतो.

मग बाहेरचा प्रायमर एक हात, बाहेरचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग दोन हात, मध्ये चार ते सहा तास. गुळगुळीत भिंतीवर लिटरमागं दोन हातांत 50 ते 60 चौरस फूट निघतात, म्हणजे 1000 फुटांना 20 लिटरची बादली धरा. खरबरीत प्लास्टर जास्त पितं. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. हात टेकवत नाही इतक्या तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो आणि पट्टे दिसतात. घाई नसती तर दिवाळीनंतरच मारा म्हटलं असतं. खालचे दोन फूट गडद ठेवा, पावसात चिखल तिथंच उडतो.

गोड्या पाण्यानं तराई झाली असेल तर खाराचा त्रास बराच कमी. लवकर चालणारे क्षाररोधक प्रायमरही मिळतात, पण त्यावरचे दिवस वाचूनच घ्या. आणि पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, किंवा छतावरून पाणी उतरत असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर वरचं सगळं फुकट.

तुमचा मिस्त्रीही ‘वरून सुकलं’ म्हणेलच. हातभर प्लास्टिकची पन्नी घ्या, चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा, एक दिवस-रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्यालाच काढायला लावा आणि आतल्या बाजूचे थेंब त्याच्याच बोटाला लागू द्या.