कुंडी आजींची, पाणी कोणी घालायचे? : ज्येष्ठांच्या निवासातील झाडांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी आई (वय 79) काही महिन्यांपूर्वी पुण्याजवळच्या एका असिस्टेड लिव्हिंग केंद्रात (रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठांच्या निवासात) राहायला गेली. व्यवस्था उत्तम आहे, तरी ती गप्प गप्प असते. तिच्या खोलीत आठ-दहा कुंड्या ठेवून पाणी घालायचे काम तिथल्या मावशींना सांगावे, असा विचार आहे. उपयोग होईल का?

उत्तर : कुंड्या जरूर ठेवा, पण एक-दोनच, आणि पाण्याचे काम मावशींना मुळीच सांगू नका. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला आणि 1976 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका याच मुद्द्यावर आहे. एका मजल्यावरच्या रहिवाशांना, तुमच्या दिनक्रमाचे निर्णय तुम्हीच घ्यायचे आहेत, असे सांगून आपापले रोप निवडायला आणि सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोप नुसते हाती दिले आणि त्याची निगा परिचारिका राखतील असे सांगितले. रोपे दोन्हीकडे होती, पण तीन आठवड्यांनी अधिक उत्साही आणि सावध दिसले ते स्वतः रोप सांभाळणारे लोक. त्यांना खोलीची मांडणी आणि चित्रपटाचा दिवस ठरवण्याचीही मुभा होती, त्यामुळे सगळे श्रेय रोपाला देता येत नाही. दीड वर्षानंतर त्या गटात मृत्यूही कमी आढळले होते, परंतु त्या आकडेमोडीत पुढे दुरुस्ती करावी लागली आणि तो फरक ठामपणे सांगण्याजोगा राहिला नाही. म्हणून झाडांनी आयुष्य वाढते असे कोणी म्हटले, तर लगेच मान डोलावू नये.

तेव्हा रोप घरून पाठवण्यापेक्षा आईला नर्सरीत घेऊन जा, तिला निवडू द्या, आणि तिने तुम्हाला न आवडणारे रोप उचलले तरी मध्ये बोलू नका. एक मात्र आवर्जून सांगतो : इतके दिवस गप्प राहणाऱ्या व्यक्तीची श्रवणशक्ती, झोप, भूक आणि मनःस्थिती आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. नीट ऐकू येत नसल्यामुळे गप्प झालेले अनेक ज्येष्ठ ‘रुळले नाहीत’ या सदरात टाकले जातात.

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. नर्सरीवाले हवा शुद्ध करणारी झाडे सुचवतात, तर नातेवाईक म्हणतात की झाडे रात्री प्राणवायू ओढून घेतात. खरे काय?

उत्तर : दोन्हीकडे अतिशयोक्ती आहे. हवाशुद्धीचा दावा 1989 च्या नासाच्या अहवालावरून आला, पण ते प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांत झाले होते. अशा अनेक प्रयोगांचा 2019 मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा इमारतीत एरवी होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील असे दिसले. त्यापेक्षा खिडकी उघडावी. रात्रीची भीतीही निराधार आहे, कारण खोलीत झोपलेला दुसरा माणूस कुंडीपेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू वापरतो. जपायचे ते मातीला. सतत ओल्या मातीवर बुरशी धरते आणि कुंडी बदलताना धूळ उडते, म्हणून वडिलांची कुंडी गॅलरीत असावी आणि माती बदलण्याचे काम दुसऱ्याने करावे.

प्रश्न : मी 82 वर्षांचा, अशाच निवासात राहतो. बोटांचे सांधे दुखतात, वाकता येत नाही. पूर्वेकडे गॅलरी आहे. काय लावू?

उत्तर : पानओवा लावा. बोटभर फांदी पाण्यात ठेवली तरी साधारण एक-दोन आठवड्यांत मुळे फुटतात, आणि जाड पानांत पाणी साठत असल्याने दोन दिवस विसरलात तरी रोप रुसत नाही. कुंडी हलकी, प्लास्टिकची घ्या, मातीत निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा आणि ती खुर्चीत बसून हात पोचेल अशा टेबलावर ठेवा. पाच लिटरची झारी म्हणजे मनगटावर पाच किलोहून अधिक भार. त्याऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोके पाडून घ्या. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहा, कोरडे लागले तरच पाणी घाला. वयोमानाने त्वचा पातळ होते आणि सहज फाटते, म्हणून हातमोजे वापरावेत आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हे डॉक्टरांना सांगावे.

रोप भरले की पाने स्वयंपाकघरात द्या. ओव्याच्या पानांची भजी पंगतीत आली की ‘पाने कोणाची?’ हा प्रश्न निघतोच, आणि एरवी प्रत्येक गोष्ट दुसऱ्याकडून घ्यावी लागणाऱ्या जागी आपणही काही देऊ शकतो, याची किंमत मला हवाशुद्धीच्या सगळ्या दाव्यांपेक्षा जास्त वाटते.

प्रश्न : माझ्या पतींना स्मृतिभ्रंश आहे. ते पाने तोडून तोंडात घालतात आणि एकाच कुंडीला पुन्हा पुन्हा पाणी घालतात. खोलीत मनी प्लांट आणि डिफेनबेकिया आहे, अंगणात कण्हेर.

उत्तर : मनी प्लांट आणि डिफेनबेकिया आजच हलवा. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनी तोंडाची आग होते, जीभ सुजते, गिळणे अवघड होते. कण्हेर आणि बिट्टी त्याहून घातक, कारण त्यांचे विष थेट हृदयावर परिणाम करते. औषधी म्हणून घरोघरी लावलेल्या सदाफुली आणि पानफुटीही येथे नकोत. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत, हे ती मुतखड्यावर खाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. पुदिना, तुळस, पानओवा चालतील, मात्र त्यांवर कीटकनाशक मारू नये. अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची क्षमता लवकर कमी होऊ शकते, म्हणून हाताला लवदार लागणारे पान अधिक उपयोगी. पाण्यावरून त्यांना रागावू नका. हातात छोटा पेला द्या आणि तळाला मोठे भोक असलेली कुंडी निवडा.

प्रश्न : मी अशा एका निवासाचा व्यवस्थापक आहे. डेंग्यूच्या भीतीने कर्मचारी कुंड्यांवर बंदी मागतात.

उत्तर : बंदी नको, कुंड्यांखालच्या ताटल्या काढा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. ही अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे ज्या ताटल्या ठेवणे भागच आहे, त्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्या लागतात, नुसते पाणी ओतून भागत नाही. पाण्याच्या बाटलीतल्या रोपांनाही हेच लागू. त्यासाठी वार ठरवा, आणि वार लक्षात ठेवून सर्वांना आठवण करण्याचे काम एखाद्या रहिवाशाकडे सोपवा. वॉकर आणि व्हीलचेअरच्या वाटेत एकही कुंडी नसावी, आणि पाणी घालून झाल्यावर फरशी लगेच पुसली जावी.