रविवारच्या कामाचा हिशेब

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून डोंबिवलीत राहतो आणि अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो. सकाळी पावणेसातला घर सोडले की परतायला रात्रीचे साडेआठ होतात. घराच्या कर्जाचे २४ लाख रुपये बाकी असून साडेआठ टक्के बदलत्या दराने अजून १५ वर्षे हप्ते आहेत. ते लवकर फिटावे म्हणून दोन वर्षांपासून मी शनिवारी आणि रविवारी छोट्या दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो. शनिवारच्या कामाचे महिन्याला ६ हजार आणि रविवारच्या कामाचे ८ हजार मिळतात. ते सगळे कर्जात जातात. माझे वडील गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपात आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत, हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे डोक्यावर कर्ज असताना मला स्वस्थ झोप लागत नाही. पण मुलगा नऊ वर्षांचा झाला आणि त्याच्याशी निवांत बोलणे होत नाही. बारा वर्षे शिकलेल्या तबल्याची जोडी कपाटावर पडून आहे. रविवारचे काम सोडा, असे पत्नी म्हणते. आर्थिकदृष्ट्या ते शहाणपणाचे ठरेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाटल्यांची आठवण तुम्ही लिहिलीत हे बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. परंतु ते कर्ज आणि हे कर्ज यांत मोठा फरक आहे. पगार बंद झाल्यावर चूल पेटती ठेवण्यासाठी तुमच्या घराने ते कर्ज काढले होते. तुमच्या आजच्या कर्जामागे राहते घर उभे आहे आणि हप्ता चालू पगारातून जातो आहे. भीती खरी आहे म्हणून तिला मान द्यावा, मात्र तिच्या हाती घरातला प्रत्येक रविवार देऊ नये.

आता आकडे पाहू. व्याजदर आहे तसाच राहील असे धरले, तर तुमचा हप्ता सुमारे २३,६०० रुपयांचा आहे. त्यावर दरमहा १४ हजार जादा भरत राहिलात तर कर्ज सुमारे सात वर्षांत फिटेल, आणि केवळ शनिवारचे ६ हजार भरलेत तर सुमारे दहा वर्षांत. म्हणजे पहिल्या ६ हजारांनी पाच वर्षे आणि व्याजाचे सुमारे पावणेसात लाख रुपये वाचतात. त्यावरच्या ८ हजारांनी आणखी तीन वर्षे आणि सुमारे पावणेचार लाख. रविवार सोडल्याने काहीच बिघडणार नाही असे मी म्हणणार नाही, कारण मिळकतही महिन्याला ८ हजारांनी घटेल. परंतु ज्या सात वर्षांचे रविवार तुम्ही या बचतीसाठी देणार आहात, ती मुलाच्या नऊ ते सोळा या वयाची वर्षे आहेत. सोळाव्या वर्षी दहावी ओलांडलेला मुलगा वडिलांना वेळ मिळण्याची वाट पाहत बसलेला नसतो. माझे स्पष्ट मत असे की शनिवारचे काम ठेवावे आणि रविवारचे सोडावे.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही जादा मिळणारा प्रत्येक रुपया कर्जात भरता आणि हाताशी ठेवलेल्या रकमेचा पत्रात उल्लेखही नाही. कर्जात एकदा भरलेले पैसे आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर बँक सहसा परत देत नाही, आणि तुमच्या आईवर जी वेळ आली ती नेमकी हाताशी रोकड नसल्यामुळे आली. म्हणून पुढचे वर्षभर शनिवारचे ६ हजार कर्जात न भरता वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. वर्षाअखेरीस ७२ हजार, म्हणजे तीन हप्त्यांइतकी रक्कम, जमेल. दिवाळीचा बोनस मिळत असेल तर त्यात घालून ती सहा महिन्यांच्या घरखर्चापर्यंत न्या. यामुळे दहा वर्षांचा अंदाज थोडा पुढे सरकेल, तो सरकू द्यावा. त्यानंतर पुन्हा जादा भरणा सुरू कराल तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवा. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने तो २०१२ मध्येच बंद केला आहे.

रविवारची गिऱ्हाइके एकदम तोडणे जड वाटत असेल, तर त्यांची उलाढाल तपासा. वर्षाला ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला २०२१ पासून तिमाही विवरणपत्रांचा पर्याय आहे. पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत भरावा लागतोच, पण विवरणपत्रांसाठी दर महिन्याची ११ आणि २० तारखेची धावपळ टळते. ज्यांची विक्री मुख्यतः किरकोळ ग्राहकांना आहे, अशा दुकानदारांना हा पर्याय सहज मानवतो. त्यांचे काम मग शनिवारात बसवता येईल आणि ८ हजारांपैकी काही भाग टिकेलही.

तबल्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण बारा वर्षांचा रियाज सहज सुटलेला नसतो. इतके दिवस वापरात नसलेल्या जोडीची वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, सैल झाली असेल, कदाचित मधला काळा गोल, म्हणजे शाईही तडकली असेल. घरखर्चाच्या वहीत किराणा आणि शाळेच्या फीबरोबर तबल्याच्या दुरुस्तीचा रकाना याच महिन्यात उघडा. २० तारखेनंतर जो रविवार येईल त्या दिवशी जोडी खाली काढा आणि पुडी, म्हणजे वरचे कातडे, बदलायला नेताना मुलालाही बरोबर न्या. हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत सूर कसा चढवतात, हे त्याने अजून पाहिले नसेल.