टू-वे स्लॅबच्या कोपऱ्यात एमएक्स, एमवाय शून्य असतात, मग एमएक्सवाय सोडून दिला तर चालेल का?

नाही चालणार. टू-वे स्लॅब म्हणजे भार दोन्ही दिशांना नेणारा; एमएक्स आणि एमवाय हे त्या दोन दिशांतले वाकवणारे मोमेंट, आणि एमएक्सवाय हा स्लॅबला पिळणारा मोमेंट. तुम्ही लिहिलंय की तुमचे साहेब म्हणतात, फायनाइट एलिमेंटच्या (स्लॅबचे छोटे तुकडे करून सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) निकालातला एमएक्सवाय बघायचा नसतो, मधल्या एमएक्स-एमवायवर स्टील काढलं की स्लॅब झाला. हेच वाक्य मी समोरासमोर ऐकलंय आणि त्यावरून वादही घातलाय, म्हणून जरा लांबण लागेल.

इमारतीच्या कोपऱ्यातलं पॅनेल होतं. जवळजवळ चौरस, दोन लगतच्या कडांपलीकडे स्लॅब नाही. बाहेरच्या कोपऱ्यात मी वर आणि खाली जाळी दाखवली होती: मधल्या सर्वात मोठ्या मोमेंटला जेवढं स्टील लागतं त्याच्या तीन चतुर्थांश, चार थरांपैकी प्रत्येकात, छोट्या स्पॅनच्या एक पंचमांश लांबीपर्यंत. आयएस 456 या भारतीय काँक्रीट कोडच्या परिशिष्टात जसं आहे तसं. तपासणाऱ्या वरिष्ठांनी लाल पेनाने त्यावर काट मारली. "एमएक्स शून्य, एमवाय शून्य, स्टील कशासाठी?" मी म्हटलं, सर, मधला मोमेंट आपण 0.035 या गुणकाने काढलाय. ज्या तक्त्यातून हा आकडा घेतला, तो कोपरे उचलू न देणाऱ्या आणि पिळाचं स्टील असलेल्या स्लॅबसाठीच आहे. त्यावर उत्तर आलं, "इतकी वर्षं आम्ही देत नाही, एकही स्लॅब पडला नाही." जाळी गेली.

सेंटरिंग काढल्यानंतर काही काळाने स्लॅबच्या वरच्या अंगाला कोपरा कापत जाणारी तिरकी भेग दिसली. "श्रिंकेज", म्हणजे काँक्रीट आकसल्याची भेग, अशी नोंद झाली. मी खालच्या मजल्यावर जाऊन तळ पाहिला. तिथेही भेग होती, पण ती कोपऱ्यातून निघून कर्णावरून आत गेलेली. म्हणजे वरची आणि खालची भेग एकमेकींना काटकोनात. श्रिंकेजची भेग आरपार गेली तर वर-खाली साधारण एकाच रेषेत दिसते. पिळाने मात्र कोपऱ्यात 45 अंशांवर दोन मुख्य मोमेंट तयार होतात, एक हॉगिंग, एक सॅगिंग, दोन्ही एमएक्सवायइतकेच मोठे. एक वरून फाडतो, दुसरा खालून. सळयांच्या दिशेने पाहिलं तर एमएक्स आणि एमवाय दोन्ही शून्य, आणि काँक्रीट तडकलेलं. हे मी फोटोंसह दाखवलं. नोंद बदलली नाही.

आता आकडे पाहा. चारही कडांना साधा आधार असलेला चौरस स्लॅब घ्या. दोन दिशांच्या सुट्या पट्ट्या समजून अर्धा-अर्धा भार वाटला तर मधला मोमेंट 0.0625 डब्ल्यूएल वर्ग (डब्ल्यू म्हणजे भार, एल म्हणजे स्पॅन; पुढचे आकडेही याच गुणकाचे). तोच स्लॅब अखंड प्लेट म्हणून, कोपरे धरून ठेवून आणि पॉइसन गुणोत्तर (एका दिशेच्या ताणाचा आडव्या दिशेवर होणारा परिणाम) 0.2 घेऊन सोडवला तर मध्ये 0.044 आणि कोपऱ्यात एमएक्सवाय 0.037. मधला मोमेंट उतरला तो कोपऱ्यांनी पीळ घेतला म्हणून. कोडच्या तक्त्यांतही तेच दिसेल: कोपरे उचलू दिले तर 0.062, धरून ठेवले तर 0.056. कमी मोमेंटचा फायदा घ्यायचा आणि ज्यामुळे तो कमी झाला ते स्टील गाळायचं, हे मला सरळसरळ चुकीचं वाटतं. वरिष्ठतेने गणित बदलत नाही.

"स्लॅब पडला नाही" हा युक्तिवादही जुना आहे. 1914 साली जॉन निकोल्स या अमेरिकन अभियंत्याने नुसत्या समतोलाच्या गणिताने दाखवलं की फ्लॅट स्लॅबमध्ये (तुळयांशिवाय थेट खांबांवर टेकलेल्या) प्रत्येक दिशेला पूर्ण भाराचा मोमेंट द्यावाच लागतो. त्याच्यावर तुटून पडलेल्यांनी लोड टेस्ट पुढे केल्या, कारण त्यांत सळयांतला ताण कमी दिसत होता. तो कमी होता कारण भेगांच्या मधलं न तडकलेलं काँक्रीटही ताण उचलत होतं. अमेरिकन कोडने पूर्ण मोमेंट मागायला 1971 उजाडलं.

तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल: तळाच्या स्टीलसाठी एमएक्स आणि एमवाय या दोन्हींत एमएक्सवायची किंमत, अधिक-उणे चिन्ह न बघता, मिळवा, वरच्या स्टीलसाठी वजा करा आणि उत्तर ऋण आलं तर तेवढं वर द्या. ही वुड-आर्मरची पद्धत आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तसा पर्याय असतो, तो चालू आहे का ते पाहा. एलिमेंटचे लोकल अक्ष (ज्या दिशांत एमएक्स, एमवाय मोजले जातात) सळयांच्या दिशेने आहेत ना, हेही बघा.

आणि हो, पीळ शून्य धरणं नेहमीच चूक असतं असं नाही. हिलरबोर्गची स्ट्रिप पद्धत तेच करते आणि ताकदीच्या दृष्टीने ती सुरक्षित आहे, पण मग पूर्ण भार दोन दिशांच्या पट्ट्यांवरच न्यायचा, मधलं स्टील त्या हिशेबाने वाढवायचं, आणि कोपऱ्यात भेगा येऊ शकतात हे मान्य करायचं. एकच कड सुटी (जिच्यापलीकडे स्लॅब नाही अशी) असलेल्या कोपऱ्यात वर सांगितलेल्या जाळीच्या निम्मी पुरते. दोन्ही कडा सलग असतील तर लागत नाही. तेव्हा साहेबांना जाळी काढायचीच असेल तर मधल्या मोमेंटचं गणित पीळ न धरता नव्याने करून त्यावर सही द्या म्हणावं. मी तेही मागितलं होतं, मला मिळालं नाही.