आई म्हणते छान चाललंय, पण खरंच चाललंय का?

"ताई, बाबा 76 वर्षांचे, पॅरालिसिसचा अटॅक आला आणि उजवी बाजू गेली. नाशिकला आईबाबा दोघंच, मी पुण्यात नोकरीला. ब्युरोकडून 24 तासांची बाई ठेवलीये, चार महिन्यांत ही तिसरी. फोनवर आई म्हणते छान चाललंय, ब्युरोवाले म्हणतात सगळ्या ट्रेन्ड आहेत. मी रविवारी जाते तेव्हा घर चकाचक असतं, तरी शंकेची पाल चुकचुकतेच. सर्व्हिस बरी की वाईट, ओळखायचं कसं? – पुण्यातली लेक"

अगं लेकी, घर चकाचक असतं कारण तू रविवारी येणार हे सगळ्यांना माहितीये. एकदा मधल्या वारी, न कळवता दुपारी जाऊन धडक. आणि गेल्यावर घर बघू नकोस, बाबांचं अंग बघ. माकडहाड, कंबरेची हाडं, टाचा. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड, फिकं होऊन परत लाल झालं तर एवढं घाबरायचं नाही, पण दाबूनही तसंच लाल राहिलं तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू होतोय समज आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. सावळ्या अंगावर लाल दिसतच नाही बरं का, काळसर जांभळट दिसतं आणि हाताला गरम नाहीतर कडक लागतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही पाठ रोज बघायचो पण पायात कायम मोजे, ते एकदा काढले तर टाचेला रुपयाएवढी जखम!

मग नुसतं बसून बघ, ती बाबांना उठवते कशी. उजव्या हाताला धरून ओढत असेल तर ट्रेनिंग वगैरे काही नाही, लुळ्या हाताचा खांदा तसाच निखळतो. भरवताना नीट बसवते का, जेवल्यावर अर्धा तास तरी तसंच बसवून ठेवते का, की लगेच आडवं करते. आणि जेवण झालं की उजव्या गालात बोट घालून बघ, त्या बाजूला त्यांना कळत नाही ना, भात तिथेच राहतो आणि मग ठसका लागतो.

आता बाईची बाजू. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बदलायचा आणि हे सगळं एकटीने 24 तास? ती झोपणार कधी गं? चार महिन्यांत तीन बायका का झाल्या त्याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. परवडत असेल तर 12-12 तासांच्या दोन ठेव, नसेल तर निदान रात्रीचं कोण बघणार ते ठरव, आणि तिला दुपारी दोन तास झोप आणि पोटभर जेवण मिळतंय का तेही बघ. तू ब्युरोला देतेस त्यातलं तिच्या हातात किती पडतं तेही विचार, उत्तर ऐकून बरंच कळेल.

ब्युरोला "ट्रेन्ड आहे का" विचारून उपयोग नाही, हो म्हणायला त्यांचं काय जातंय. बाई सुट्टीवर गेली की कोण येणार, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद कुठाय, पहिल्या दिवसानंतर तुमचा सुपरवायझर पेशंट बघायला कधी आला होता, हे विचार. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. नर्स म्हणून कुणाला पाठवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माग. मारहाण, दमदाटी असला प्रकार वाटला तर ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, 14567, फोन फुकट लागतो.

आणि आई "छान" म्हणते ना, त्यात भीती आहे. काही बोललं तर ही पण जाईल, मग सगळं माझ्याच अंगावर. म्हणून "कसं चाललंय" विचारूच नकोस, काल रात्री बाबांना किती वेळा वळवलं आणि तू किती वाजता झोपलीस, हे विचार. आणि विचारायचं ते बाई समोर नसताना, आईला भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर काढून.

बाबांच्या टाचा कशा आहेत ते कळव.