लायका ३एफचं मागचं झाकण उघडत नाही, मग फिल्म भरायची कुठून?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा लायका ३एफ कपाटात मिळाला, सगळीकडून चाचपूनही मागचं झाकण उघडेना, आणि दुकानदार म्हणाला बिघडलाय. कॅमेऱ्यात काहीही बिघाड नाही. त्याला मागचं झाकणच नाही. 1925 साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकापासून तिचा जनक ऑस्कर बार्नाकने अंग एकसंध ठेवलं, बिजागरी नाही की फट नाही, आणि फिल्म घालायची ती खालून. 1950 ते 1957 या काळात बनलेला ३एफही तसाच आहे. जबरदस्तीने कुठे पट्टी घालून उचकटू नका, एवढी कळकळीची विनंती.

कॅमेरा उलटा धरा. तळाच्या पत्र्यावर एक छोटी चपटी किल्ली दिसेल, तिच्याजवळ जर्मनमध्ये ‘आउफ’ आणि ‘त्सू’ असं कोरलेलं असतं, म्हणजे उघडा आणि बंद. ती आउफकडे फिरवली की पत्रा एका बाजूने उचलला जातो आणि दुसऱ्या बाजूच्या खिळ्यातून सुटतो. आत एका टोकाला रोलच्या डबीची जागा, दुसऱ्या टोकाला फिल्म गुंडाळून घेणारा स्पूल. हा स्पूल ओढला की बाहेर येतो. तो हरवू देऊ नका, त्याच्याशिवाय कॅमेरा चालत नाही.

आता मुख्य गोष्ट, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. आजचा रोल जसा दुकानातून येतो तसा या कॅमेऱ्यात घालू नये. त्याच्या टोकाची अरुंद जीभ आखूड असते आणि लगेच पूर्ण रुंदीची फिल्म सुरू होते. ३एफमध्ये फिल्म खालून एका अरुंद खाचेत सरकवायची असते. पूर्ण रुंदीचा भाग आत जाताना फिल्म पुढे ओढणाऱ्या दात्यांवर किंवा चौकटीच्या कडेवर अडतो आणि तिरका बसतो. तसंच गुंडाळलं तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात आणि फिल्मचे बारीक तुकडे शटरच्या कापडी पडद्यांत जातात. ते काढायला कॅमेरा उघडावा लागतो, आणि हे काम जाणणारे कारागीर आता फार थोडे उरलेत.

म्हणून जीभ साधारण 10 सेंमी लांब करा. कंपनीने ज्या बाजूची कड ठेवली आहे तीच ठेवायची, कापलेल्या बाजूचा काप फक्त पुढे वाढवायचा. मोजपट्टी नसेल तर 21 भोकं मोजा. काप जिथे पूर्ण रुंदीला मिळतो तिथे कोपरा न ठेवता हलका गोल घ्या, आणि कात्री दोन भोकांच्या मधून जाऊ द्या. भोकाच्या मधोमध कापलं तर फाटायची सुरुवात तिथूनच होते. लायका याच कामासाठी ‘अ‍ॅब्लॉन’ नावाचा धातूचा साचा विकत असे. जाड पुठ्ठ्याचा घरी केलेला साचाही उत्तम चालतो.

काहीजण फिल्म न कापता लेन्स काढतात, शटर उघडं धरतात आणि बोटाने फिल्म आत ढकलतात. इतक्या जुन्या पडद्यांजवळ बोट नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कात्रीचं काम दोन मिनिटांचं आहे.

कापून झालं की सावलीत बसा. जिभेचं टोक स्पूलच्या स्प्रिंगखाली पूर्ण आणि सरळ सरकवा. तिरकं राहिलं तर पुढे फिल्म वर चढते. एका हातात डबी, दुसऱ्यात स्पूल, मधली फिल्म ताठ, आणि दोन्ही एकाच वेळी आपापल्या जागी खाली सोडा. इमल्शनची, म्हणजे कमी चकाकणारी बाजू लेन्सकडे. गुंडाळायची घुंडी थोडी फिरवून दाते भोकांत बसलेत ना हे डोळ्यांनी बघा, मगच पत्रा लावा: आधी खिळ्याची बाजू, नंतर किल्ली त्सूकडे. शटरच्या कळीजवळची छोटी दांडी ‘ए’वर असू द्या.

आता रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायची घुंडी तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने अलगद फिरवून आतला ढिलेपणा काढा, आणि पुढे गुंडाळताना तिच्याकडेच लक्ष ठेवा. ती उलटी फिरताना दिसली तर फिल्म खरंच पुढे सरकते आहे. फिरली नाही तर पुन्हा उघडा. आकडे दाखवणारी चकती फिल्म नसली तरी पुढे जातच राहते, तिच्यावर विसंबून 36 फोटो काढून कोरा रोल हाती आलेले लोक बरेच भेटतील. दोन फ्रेम वाया घालवा आणि चकती हाताने शून्यावर आणा.

शटरचा वेग नेहमी गुंडाळून झाल्यावरच बदलायचा, आधी नाही. लेन्स आत मिटणारी एल्मार असेल तर फोटोआधी ती पूर्ण बाहेर ओढून फिरवून अडकवा, नाहीतर सगळं धूसर येईल.

रोल संपला की पुढे गुंडाळायची घुंडी जड लागते. जोर लावू नका. दांडी ‘आर’कडे करा आणि रिवाइंडची घुंडी बाणाच्या दिशेने फिरवत राहा. थोडा जास्त ताण लागून एकदम हलकं वाटलं की फिल्म स्पूलवरून सुटली. त्यानंतरच तळाचा पत्रा उघडा. पहिल्या रोलसाठी इलफर्ड एचपी५ प्लससारखी कृष्णधवल फिल्म घ्या. प्रकाश मोजण्यातली थोडी चूक ती सहज सांभाळून घेते, आणि ३एफमध्ये मीटर नसतोच.