स्वस्तातले होम थिएटर आणि स्पीकर टिकतात का? घ्यावेत का?

घ्या, पण खोक्यावरचा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा विसरा. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते बघा. आवाजाच्या बाबतीत आजचे बरेच स्वस्त स्पीकर खरंच चांगले आहेत. मार खातात ते टिकण्यात. त्यातही स्पीकरच्या आधी बहुतेक वेळा पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग) जातो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डब्यांसारखे भाग) उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर (खोल, जड आवाजाचा मोठा स्पीकर) बंद कपाटात कोंबू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. सतत घूंऽऽ असा आवाज येऊ लागला किंवा कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं, तरी सेट भंगारात देऊ नका. जाणकार कारागीर तेवढाच भाग बदलून देतो.

स्पीकरच्या कोनच्या (आवाज काढणाऱ्या थरथरत्या शंकूच्या) कडेची रिंग हलकेच दाबून बघा. फोमची असेल तर काही वर्षांनी तिचा भुगा होतो, रबराची जास्त टिकते.

माझं मत विचाराल तर साउंडबारपेक्षा साधा अ‍ॅम्प्लिफायर आणि वेगळे पॅसिव्ह स्पीकर (ज्यांच्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो असे) घ्या. एक बिघडलं तरी दुसरं कामाला येतं. ब्लूटूथ स्पीकरच हवा असेल तर बॅटरी बदलता येते का, ते आधी विचारा.